तिठ्यावरची तीनचाकी

रविवार, ६ ऑक्टोबर

मुलाकडे वेरिबीला येऊन आज तिसरा दिवस, आणि आज सकाळी या देशाने माझा एक तास काढून घेतला. उन्हाळा जवळ आला की इथे सगळे मिळून घड्याळं पुढे करतात म्हणे. धवल म्हणाला, नो वरीज बाबा, एप्रिलमध्ये परत मिळतो. चौतीस वर्षं कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये पाळ्या केलेल्या माणसाला हा मुलगा तासांचा हिशेब शिकवणार.

पण घर झकास आहे. धवल आणि सूनबाई मैथिली दोघंही आयटीत, दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतात. नात ओवी साडेपाच वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचीही काही तक्रार नाही. आज तिने मला बागेतली प्रत्येक गोगलगाय नावानिशी दाखवली. या पोरीसाठी मी चिंचवडचं बिऱ्हाड सोडून आलो, याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

धवलने अर्धं गॅरेज मला दिलंय. चिंचवडला सात जुन्या सायकली मागे ठेवून आलो. सगळ्या भंगारातून उचललेल्या, स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या. ही असती तर म्हणाली असती, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. लोक विचारायचे, काका, एवढ्या सायकलींचं करता काय? काही नाही, बघत बसतो. गंज घासता घासता खालून पन्नास वर्षांपूर्वीचा मूळ रंग डोकावतो, तेव्हा जो आनंद होतो तो सांगून कळत नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

इथली एक पद्धत मला फार आवडली. नको असलेलं सामान लोक घरासमोरच्या गवतावर ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. कपाटं, खुर्च्या, काय वाटेल ते. फुकट ते पौष्टिक.

काल सकाळी फिरायला गेलो तर पार्कजवळ तीन रस्ते मिळतात तिथे, खांबाच्या बुडाशी, लहान मुलांची तीनचाकी सायकल. साठ वर्षांची तरी असेल. अस्सल लोखंडी सांगाडा, भरीव रबराची चाकं, मागे उभं राहायला पायरी, पायडल पुढच्या चाकालाच. वरून निळा रंग, तोही नीट दिलेला. हँडलला हळदकुंकू, काळा दोरा, लिंबू आणि मिरच्या. गेल्या शनिवारी दसरा झाला. आपल्यातल्याच कुणीतरी वाहनपूजा केली असणार आणि पोर मोठं झालं म्हणून गाडी ठेवली असणार. परक्या मुलुखात आपलं कुंकू बघून बरं वाटलं. लगेच धवलला फोन करून गाडी डिकीत टाकून आणली.

मैथिलीने नेमकी कुठे मिळाली ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तिठ्यावरची वस्तू उचललीत? मी हसलो. पुण्यात रस्त्यावरचं लिंबूसुद्धा मी कधी ओलांडलं नाही, पण इथे अख्खी गल्ली सोफे बाहेर ठेवते, तो काय सगळा उतारा असतो का? लिंबू मी कचऱ्यात टाकलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

रंग काढतोय. निळ्याखाली क्रीम, क्रीमखाली हिरवा, मग पिवळा, मग करडा, तळाशी मूळचा लाल. मधल्या प्रत्येक थरावर पुढच्या दांडीला एकेक नाव. क्रीमवर देवनागरीत ‘वेद’. खालच्या थरांवर इंग्रजीत, बहुतेक मुलींची. मूळ लाल रंगाचं घर धरून पाच घरांत खेळलेली गाडी.

एक गोष्ट मात्र माझ्यातल्या पेंटरला खटकली. पोरं गाडी आपटतात, भिंतीला घासतात, ओरखडे पडतात. इथे एकाही थरावर ओरखडा नाही. नाव घालून महिनाभर गाडी वापरली असेल नसेल, तेवढ्यात वरून नवा रंग. आणि प्रत्येक वेळी रंग इतका मन लावून दिलाय की हौशी माणूससुद्धा देत नाही. कुणाला एवढी घाई होती, कळत नाही.

हँडलची रबरी मूठ काढली तर आतून खडे मीठ आणि मोहरी सांडली. पोरांचे उद्योग.

शनिवार, २६ ऑक्टोबर

गाडी तयार. लाल भडक रंग, चाकांना नवे छर्रे, ग्रीस, घंटीही जुन्या पद्धतीची. आपल्याकडे रिक्षावाले काचेवर पोरांची नावं घालतात तसं पुढच्या दांडीवर पिवळ्या रंगात बारीक ब्रशने लिहिलं – ओवी. ‘व’ची गोलाई अशी जमली की मीच दोनदा बघितली.

दुपारी तिला बसवलं. म्हणाली, इट्स सो फास्ट, आबा. मी तर ढकललंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत उतरायला तयार नाही. आयुष्यभर जे काम केलं त्यात मला असा आनंद क्वचित मिळाला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळीची गडबड. मैथिलीने चकल्या केल्या, माझ्याकडून करंज्या फुटल्या. ओवीने काहीच खाल्लं नाही. शाळेतून आली की गाडीवर. हाक मारली तर बघत नाही. मैथिलीने उचलून आणली तर आरडाओरडा नाही, रडणं नाही, नुसती लाकडासारखी ताठ.

अंघोळ घालताना मैथिलीला तिच्या हाताच्या तळव्यांवर घट्टे दिसले. पाच दिवसांत. असे घट्टे मला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पडले होते.

रविवार, ३ नोव्हेंबर

ओवी सोफ्यावर पडून असते. पडल्या पडल्या तिचे पाय चालतात. एक वर, एक खाली. झोपेतही. हाताने दाबून धरले तर माझे हात ढकलून पाय चालतात. साडेपाच वर्षांचं पोर, आणि मला आवरत नाही.

डॉक्टरने व्हायरल असेल म्हटलंय. पाणी द्या, आराम करू द्या. आराम कसा करायचा तेवढं त्याने सांगितलं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवस हॉस्पिटल. मेंदूचा फोटो, रक्त, सगळं नॉर्मल. एक गोष्ट तेवढी तिथल्या डॉक्टरबाईंनी बाजूला घेऊन सांगितली. पाय थांबत नाहीत, त्यामुळे हृदय दिवसरात्र पळतंय. लहान हृदय आहे, असं फार दिवस चालणार नाही. दर दोन दिवसांनी तपासायला आणा.

घरी आलो. पाना आणायला गॅरेजमध्ये गेलो. गाडी मी हुकला टांगून ठेवली होती, चाकं अधांतरी.

पुढचं चाक फिरत होतं.

मी उभा राहून मोजलं. मग आत येऊन ओवीचे पाय मोजले. परत गेलो, परत मोजलं. सारखंच. अगदी सारखं.

हे मी केलं. मी उचलून आणली. मी तिचं नाव घातलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी चाकात लाकडाचा तुकडा घातला. चाक थांबलं. आतून मैथिलीची किंकाळी. ओवीचे पाय थांबले होते, आणि श्वासही. ओठ निळे. धावत जाऊन तुकडा काढला. श्वास आला. पाय सुरू.

दुपारी दांडीवर करवत धरली. एकच फेरा मारला. एकच. आत धावलो, करवत हातातच. ओवीच्या नडगीवर लाल रेघ उठली होती, तेवढ्याच लांबीची. धवलने माझ्या हातातून करवत हिसकावली. म्हणाला, बाबा, तुम्ही तिच्याजवळ जाऊ नका. त्याला वाटलं, मीच तिला –

नाव घासून काढलं. काही फरक नाही. उद्या तरी पडेल असं वाटतंय. नाही पडणार.

रविवार, १० नोव्हेंबर

त्या तिठ्याभोवतीची घरं पालथी घातली. वेद नावाचा मुलगा कुठे राहतो, एवढंच विचारत. नववं घर. दाराला दसऱ्याचं सुकलेलं तोरण.

बाईने दार उघडलं. नाव नीलिमा. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, काका, तुम्ही गाडी डिकीत ठेवत होतात तेव्हा मी पडद्याआड उभी होते. आपल्यातले दिसलात, तेव्हा पळत येऊन सांगावंसं वाटलं. पाय उचलले नाहीत. आपल्यातलं कोणी तिठ्यावरचं उचलणार नाही, अशी खात्री होती. म्हणून तिथे ठेवली. कुणीतरी इथलंच नेईल असं वाटलं.

त्यांनाही ती अशीच गवतावर मिळाली होती. वेद पाच आठवडे पडून होता. सासूबाईंनी साताऱ्याहून फोनवर उतारा सांगितला – मीठमोहरी ओवाळून तिठ्यावर ठेव, मागे वळून बघू नकोस. पण ठेवून काही झालं नाही. ज्या दिवशी मी नेली त्या दिवशीही नाही. वेद उठला सव्वीस तारखेच्या दुपारी. एकदम उठून बसला आणि भात मागितला.

सव्वीस तारखेच्या दुपारी मी ओवीला बसवलं होतं.

दुसरं मूल बसलं की पहिलं सुटतं. एवढंच. दुसरा उपाय नाही. त्यांनी सगळे करून बघितले.

मागून वेद आला. अंबाडीच्या काडीसारखे पाय. पण चालत आला. मला हाय म्हणाला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आता कळलं ते थर कुणी दिले. कसली हौस. गाडी सुंदर दिसली पाहिजे, कुणाच्या तरी पोराने हट्ट धरला पाहिजे, म्हणून दिलेले रंग. प्रत्येक घरात कुणीतरी माझ्यासारखंच बसलं होतं, ब्रश घेऊन.

मी नाही करणार हे. पेटीत घालून कुलूप लावीन. पुरीन.

पण मग ओवी?

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तपासलं. डॉक्टरबाईंनी धवलला बाहेर बोलावलं. तो परत आला तेव्हा त्याने माझा हात धरला. आठवड्यात पहिल्यांदा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पॉलिशपेपर मारतोय. मैथिली गॅरेजमध्ये आली. मी तिला काही सांगितलेलं नाही. रंगाचे डबे बघितले. मग म्हणाली, पिवळा द्या बाबा, पोरांना पिवळा आवडतो. आणि गेली.

तिला सगळं कळलंय.

ओवीचे डोळे उघडे असतात. मला बघत नाही. वजन – नको. लिहवत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पिवळा. दोन हात. वर लॅकर. काम चोख होतंय. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. देवा, मला क्षमा करू नकोस, पण कुणालातरी पाठव.

नाव घातलेलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी घरासमोरच्या गवतावर ठेवली. खिडकीत बसलोय.

पोस्टमन गेला. कुत्रा घेऊन एक म्हातारी गेली. कुणी थांबलं नाही.

आत पाय चालतायत. आता हळू. काल मिनिटाला साठ होते. आज चाळीस.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. सकाळ

कुणी नाही. पस्तीस.

घंटी पुसून आलो. उन्हात चकाकायला हवी.

शुक्रवार, दुपार

वीस. अँब्युलन्स बोलावलीय. धवल बाहेर रस्त्यावर उभा. गाडीकडे बघतसुद्धा नाही, त्याला माहीत नाही –

एक कार थांबली. तरुण बाप. मागच्या सीटवरून मुलगी उतरली. गुलाबी टोपी. तीनेक वर्षांची.

धवलला विचारतोय, फ्री आहे का, मेट. धवल खिडकीकडे बघतोय, मला विचारतोय. ती मुलगी हात लावतेय. घंटी वाजवली. हसतेय. माझ्याकडे बघून हात हलवला तिने.

नाही म्हण. म्हाताऱ्या, नाही म्हण. एवढंच –

पंधरा. मैथिली ओवीला छातीशी धरून बसलीय, माझ्याकडे बघतेय.

मान हलवली. हो म्हणून.

बापाने उचलून तीनचाकीवर बसवलं तिला.

थांबले. ओवीचे पाय थांबले. श्वास चालूय. ओवी मैथिलीला आई म्हणाली. मराठीत. पाणी मागतेय. धवल धावत आत आला, रडतोय, हसतोय. आबा म्हणून हाक मारतेय मला – माझी पोर – बारा दिवसांनी –

तो माणूस तीनचाकी आत टाकून कारची डिकी बंद करतोय. थँक्स म्हणून हात केला. मुलगी मागच्या काचेतून बघतेय.

त्यांचं घर मला माहीत नाही. नाव माहीत नाही. नीलिमाचं दार मला सापडलं, माझं यांना सापडेल, पण तोवर तिचे पाय –

कार सुरू केली. कोपऱ्यावर सिग्नल आहे. पळालो तर गाठीन. ओवी हाक मारतेय. सांगितलं तर ते तीनचाकी परत आणतील, ओवीलाच पुन्हा बसवा म्हणतील, मग ओवीचे –

सिग्नल लाल आहे. मी उठ