परिचारिकांची कपडे बदलण्याची खोली सल्लागारांकडून परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. चिटणीस, विश्वस्त मंडळ,
गंगाधर स्मारक रुग्णालय,
सात रस्ता, सोलापूर.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : माझे याच विषयावरील आधीचे अर्ज.

महोदय,

आधीच्या अर्जांचे काय झाले हे विचारण्याचे त्राण आता उरलेले नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहिते.

१. परिचारिका नोकरी सोडून का जातात, हे शोधण्यासाठी आपण मुंबईहून दोन सल्लागार बोलावले. त्यांना बसायला आमची कपडे बदलण्याची खोली दिली, कारण पंखा तेवढ्याच खोलीत आहे.

२. आमच्या लग्न झालेल्या मुली घरून रंगीत पातळात येतात आणि इथे पांढरे नेसतात. नवरा हयात असताना बाईने पांढऱ्यात उंबरा ओलांडणे घरोघर अशुभ मानतात. सल्लागारांच्या हे ध्यानात आले नसेल, आपल्या यायला हरकत नव्हती.

३. खोली गेल्यावर मुली जिन्याखाली चादर आडवी धरून नेसू लागल्या. तिथे रुग्णांचे नातेवाईक वाकून पाहू लागले, तेव्हा दोघींनी राजीनामे दिले. सल्लागारांनी त्यांना त्याच खोलीत पंख्याखाली बसवून कारण विचारले. परक्या पुरुषांपुढे मुली काय सांगणार? ‘घरगुती अडचण’ म्हणाल्या, आणि अहवालात तेच आले.

४. आता रुक्मिणी चालली. अडलेली बाई सोडवायला तिच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. परवा ती नाइलाजाने घरूनच पांढरे नेसून निघाली, तर सासू मुक्ताबाई दारात आडव्या झाल्या. “माजा ल्योक जित्ता हाय की. हे नेसून कुटं निगालीस?” पोरगी रडत आत गेली. शनिवारी तिची नोकरी संपते. खोली मिळाली तर राहीन, असे ती मला स्वतः म्हणाली. ती गेली तर मला फार वाईट वाटेल, हे अर्जात लिहितात की नाही ठाऊक नाही.

५. इतकी वर्षे टिकले म्हणून अहवालात माझे कौतुक आहे. मला ती खोली कधी लागलीच नाही. मी विधवा आहे, घरातून पांढऱ्यातच निघते. हे कळल्यावर यापुढे भरतीत विधवांना प्राधान्य द्यावे, अशी शिफारस सल्लागारांनी केली व आपण ती मान्य केल्याचे समजते.

रुक्मिणीचे यजमान गिरणीत कामाला असून प्रकृतीने ठणठणीत आहेत. ते तसेच राहावेत अशी माझी इच्छा आहे. तरी शनिवारपूर्वी खोली मोकळी करून मिळावी.

आपली नम्र व थकलेली,
गोदावरी ज्ञानबा कवडे
मेट्रन
सोलापूर, दि. ११ सप्टेंबर १९७४

सोबत : आधीच्या अर्जांच्या नकला.