गोजराबाईला बोलावणं

बनशंकरी, बेंगळुरू
१५ जानेवारी २०२५

ती. गं. भा. वसुमतीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग प्रकृतीची चौकशी; रागावू नकोस! आमच्या मागच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीत बाया विडी ओढतात. तोंड तपासू म्हटलं की दार लावून घेतात. म्हणून मी संक्रांतीचं हळदीकुंकू तिथल्या मारुतीच्या कट्ट्यावरच केलं आणि दातांच्या डॉक्टर हर्षिताला बोलावलं. तिळगूळ मी भरवायचा, त्याआधी तिनं बॅटरी मारून बघायचं! अक्का, रांग लागली गं! महानंदानं तर विड्यांचं बंडलच देवापुढे टाकलं. आई बनशंकरीनंच सुचवलं मला.

एकच रुखरुख. सर्वांत जास्त ओढणारी गोजराबाई तेवढी आली नाही. तिखट खाल्लं की तिच्या तोंडाची आग होते, तरी हट्टी! हे म्हणतात, माझ्या भाषणाला भ्याली.

तुझी माया तिळगुळासारखीच राहू दे.
कृष्णवेणी

धारवाड
१८ जानेवारी

चि. सौ. कृष्णवेणीस अनेक आशीर्वाद.

हसले खूप. तुझी भाषणं मीही सोसली आहेत! पण गोजराबाईला नवरा आहे का गं? नसेल, तर ती हट्टी नव्हे. तुझे भावजी गेल्यापासून शेजारी हळदीकुंकू असलं की मीही आतल्या खोलीत बसते. येऊ नका असं कुणी म्हणत नाही. बोलावणंच येत नाही. रथसप्तमीपर्यंत अवकाश आहे. स्वतः जा.

आशीर्वाद आहेतच, भाषण तेवढं आवर.
तुझी अक्का

बनशंकरी
१ फेब्रुवारी

ती. वसुमतीअक्कास,
शि. सा. न.

तुझंच खरं! पत्र वाचलं तशी उठले आणि गेले. आपल्यामुळे सवाष्णींना अपशकुन नको, म्हणाली बिचारी. मी तिथंच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. दोघींचेही डोळे भरले. मग तोंड उघडलं तिनं. गालात आत पांढरा डाग! इस्पितळात तुकडा काढून तपासायला दिला. निकाल येईपर्यंत देवीला सोडलं नाही मी.

आज कळलं. कॅन्सर नाही, अक्का! विडी चालूच राहिली असती तर झालाही असता, वेळेवर आणलंत, असं हर्षिता म्हणाली. गोजराबाई म्हणते, स्वल्प त्रास होईल, पण सरी, ठीक आहे, सोडते. औषध चालू झालंय. आता तिच्यासारख्या घरात बसलेल्या बायांना तीच हाका मारत फिरतेय.

रथसप्तमीला पुन्हा कट्ट्यावर सगळ्याजणी. मात्र तिची अट आहे, कुंकू घेईन तर तुमच्या अक्काच्या हातून. हे पत्र घेऊन तुझा भाचा प्रणीत येतोय, त्याच्याबरोबरच नीघ. आपल्या आईचा कुंकवाचा करंडा घासून ठेवलाय.

वाट पाहणारी,
कृष्णवेणी