तिसरा प्याला

पप्पा,

तुम्ही सुरू केलेल्या मोटार-रॅलीतला चहाचा थांबा रद्द झाला, हे सांगायला आज मी वाळवंटात, तो थांबा जिथं असतो त्या अखमदूच्या तंबूत गेले. तुम्ही गेल्यापासून रॅली मीच चालवते. प्रत्येकानं तीन प्याले चहा पिऊनच पुढं जायचं, यात वेळ फुकट जातो, असं सगळे चालक कुरकुरतात, आणि त्या नियमाचं कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

दोन प्याले पिऊन मी उठू लागले, तशी अखमदूची बायको घैशा हसली.

"बापाची लेक शोभतेस! तोही तिसऱ्याआधीच उठला होता."

"कधी?"

"तू जन्मली नव्हतीस. शर्यत जिंकायची होती ना साहेबांना!"

अखमदू किटली उंच धरून ओतत होता. "आमच्यात वाटेचं बोलणं तिसऱ्या प्याल्यानंतर. पुढची विहीर आटलीय, हे सांगायचं राहूनच गेलं. त्याचा भरलेला प्याला बघितला आणि उंट काढला. दुसऱ्या दिवशी तो गाडीच्या सावलीत पडलेला सापडला, जीभ सुजलेली. पाणी पाजलं आणि म्हटलं, चल, तुझा चहा राहिलाय."

"पुढं स्वतःची शर्यत काढली, तर सगळ्यांनाच इथं बसवायला लागला," घैशा म्हणाली. "बरं, तू काय सांगायला आली होतीस?"

मी पुन्हा बसले. तिसरा प्याला सावकाश संपवला.

"यंदा गाड्या जास्त आहेत," मी म्हणाले. "साखर किती पाठवू?"

त्या उंटामुळे जन्मलेली
तुमची ओदील