ओठांनी दाखवलेलं घर

प्रिय लुमिंग,

तुझं पत्र आणि ड्युरियनच्या वड्या दोन्ही पोचलं. पार्सल दावाओहून आलंय हे पोस्टातल्या सगळ्यांना वासावरूनच कळलं होतं. पोस्टमास्तर नाकाला रुमाल लावून म्हणाला, “बाई, आधी हे न्या, मग सही करा!” मारिवीकला पाचवा लागला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या नव्या ब्लाउजवर ओकलेली ती पोरगी आता आई होणार. तिला म्हणावं, तुझ्या धर्ममातेने, या निनांगने सांगितलंय, जिना बेताने चढ आणि कच्चा आंबा मागशील तेव्हा मिठाचा हात आखडता घे.

दोरोयचा पेपर अजून निघतो का, असं तू विचारलंस. निघतो ना, न निघून सांगतो कुणाला! दर शनिवारी आठ पानं. मी अजून तांबड्या पेनाने चुका काढून अंक त्याच्या ऑफिसात नेऊन देते. मागच्या आठवड्यात एकोणीस सापडल्या. मेयरचं नाव मात्र कधी म्हणून चुकत नाही. आठातल्या पाच पानांवर तोच हसत उभा. या खेपेला बसथांब्याचं उद्घाटन. थांब्याखाली चार माणसं मावत नाहीत, पण वर मेयरचं नाव पार पलीकडच्या बेटावरून वाचता येईल एवढं मोठं. मी संपादक म्हणून त्यालाच पत्र टाकलं की, पेपर गावाचा असतो, मेयरच्या घरचा फोटोंचा अल्बम नव्हे. त्याने तेही छापलं. म्हणतो कसा, “बाई, तुमचं पत्र नसलं तर लोक अंक परत आणून देतात.” चढवून ठेवलंय मला मेल्याने. एकतीस वर्षं वर्गात बोलले आणि निवृत्तीनंतर पेपरातून बोलतेय. बोलायची सवय काही सुटत नाही.

पण लुमिंग, तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि हातातला पाव हातातच राहिला. पेपरात छापून आलेल्या माझ्या एप्रिलमधल्या पत्राचं कात्रण तू प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंयस आणि रोज सकाळी ते दिसतं, असं लिहिलंस. “अख्ख्या गावात माझ्या बाजूने एकटी तूच उभी राहिलीस.” तुझं पत्र मी तांदळाच्या डब्याखाली दडवलं. पंधरा दिवस तांदूळ काढताना तिकडे बघत नव्हते. आज मात्र लिहायला बसले आहे. हे वाचताना मारिवीक जवळ नसावी एवढी काळजी घे.

मार्चमधला तो शनिवार तुला मी आठवण करून द्यायला नको. ‘कानोकानी’ सदरात दोरोयने नेहमीसारखं कोडं घातलं होतं. नाव नाही, नुसत्या खुणा. वादळग्रस्तांसाठी आलेली तांदळाची पोती चर्चच्या कोठारातून सांतो निन्योच्या जत्रेआधीच्या मंगळवारी भरदुपारी ट्रकमध्ये भरून गेली. किल्ली ज्या बाईकडे होती ती रविवारी गायकवृंदात इतकं गोड गाते की संतांच्याही डोळ्यांत पाणी यावं. बस्स, एवढंच. किल्ल्या दोघींकडे होत्या, तुझ्याकडे आणि मेयरच्या भावजयीकडे, आणि गायलाही तुम्ही दोघी शेजारीशेजारी. सकाळी सातला पेपर आला आणि दहा वाजेपर्यंत गावाचा निकाल लागला होता. तुझ्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त मासेवाली तुझ्याशी हसायची थांबली, गायकवृंदात तुझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहायला लागली आणि झावळ्यांच्या रविवारी फादरनी तुला “जरा विश्रांती घ्या” म्हणून सांगितलं. तू कुणाला काय सांगणार होतीस? कुणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. एप्रिलमध्ये घराला कुलूप लावून तू लेकीकडे गेलीस आणि गावाला वाटलं, बघा, पळाली. मे महिन्यात मेयरची भावजय नगरसेवक म्हणून निवडून आली. प्रचारात तिने तांदूळ वाटला, गं. पोती कुठली होती ते कुणी विचारलं नाही.

तू गेल्यावर मी ते पत्र लिहिलं. काय सुंदर लिहिलं होतं! पुरावा असेल तर नाव छापा, नसेल तर लेखणी खाली ठेवा. आडून दगड मारणाऱ्याने स्वतःला पत्रकार म्हणवू नये. आरोप करणाऱ्याने खाली सही करावी. बाजारात लोकांनी माझं अभिनंदन केलं. तू कात्रण ठेवलंस. पण लुमिंग, ते परत एकदा नीट वाच. त्यात तत्त्वं आहेत, जबाबदारी आहे, लोकशाहीसुद्धा आहे. एकच साधी ओळ नाही. त्या मंगळवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तू माझ्याबरोबर इलोइलोला होतीस, दातांच्या डॉक्टरकडे. माझी दाढ काढत होते आणि मी तुझा हात इतका दाबून धरला होता की तुझ्या अंगठीचा वळ दोघींच्या बोटांवर उठला. येताना जीपमध्ये मला बोलता येत नव्हतं म्हणून तू एकटीच वाटभर बडबडत होतीस. ही गोष्ट गावात आपल्या दोघींनाच माहीत होती. तू बोलली असतीस तर लोक स्वतःची बाजू सावरतेय म्हणाले असते. मी लिहिलं असतं तर ऐकलं असतं. मी लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, पुरिंग विसरली. मी विसरले नव्हते.

जूनमध्ये मी दोरोयकडे तावातावाने गेले होते, खुलासा छाप म्हणून. तो टाइप करता करता थांबला. “कसला खुलासा, बाई? मी कुणाचं नाव घेतलंय? जे छापलंच नाही ते दुरुस्त कसं करू?” आणि मग चष्मा पुसत म्हणाला, “खरं सांगू का, मी मेयरच्या भावजयीबद्दल लिहिलं होतं. नाव घालायची छाती झाली नाही, पेपरातल्या जाहिराती सगळ्या नगरपालिकेच्या. म्हटलं, गाव शहाणं आहे, ओळखेल. तर दहाच्या आत सगळे तुमच्या मैत्रिणीच्या दारात! कुणीतरी वाट दाखवली असणार.” मी तिथून उठले ते कुठेही न थांबता घरी आले.

आता मारिवीकच्या लग्नाचं बोलते. फेब्रुवारीत पत्रिका आली, मी लग्नाला साक्षी राहून सही करणाऱ्या निनांगांच्या यादीत माझं नाव शोधलं. सात नावं होती. पहिलं मेयरच्या बायकोचं. माझं नव्हतंच. मी हसून म्हटलं, “अगं, म्हाताऱ्या मास्तरणीला कशाला!” आणि तू म्हणालीस, “तू तर घरचीच आहेस, माझ्या लेकीची धर्ममाता.” जावयाच्या नोकरीसाठी तुला ते करावं लागलं, हे मला आज कळतं, तेव्हाही कळत होतं. पण लग्नात मी चौथ्या बाकावर बसले, आणि मेयरची बायको, जिला पोरीचं दुसरं नावसुद्धा माहीत नाही, ती पुढे उभी राहून सही करत होती. जेवणात मी केळीच्या पानातला एक सुमानही खाल्ला नाही. फार लागलं मला, लुमिंग. तुला बोलून दाखवलं असतं तर दोघी भांडून, रडून मोकळ्या झालो असतो. मी ते मनात धरून ठेवलं.

आणि मग तो शनिवार. मनांग बेबांगच्या टपरीवर आम्ही पाच-सहाजण गरम चॉकलेट आणि तांदळाचा वाफवलेला पुतो घेऊन बसलो होतो. पेपर मध्ये उघडा. बेबांग म्हणाली, “बाई, तुम्ही तर पेपरचं पान न पान वाचता. कोण हो ही गोड गळ्याची?” तोंडात पुतोचा घास होता. आपल्याकडे दिशा दाखवायला बोट कोण उचलतं, ओठच पुढे करतात. मी ओठांचा चंबू केला आणि रस्त्यापलीकडे, तुझ्या हिरव्या फाटकाकडे दाखवला. एक क्षणभर. लगेच घास गिळला आणि म्हटलं, “मला बाई काय माहीत!” सगळे हसले. बेबांगचा कप ओठांपाशीच थांबला होता, तो मला दिसला. पेपरातला तो मंगळवारचा उल्लेख माझा वाचून झाला होता. तू नव्हतीस हे त्या टपरीवर फक्त मलाच ठाऊक होतं, आणि बाईंनी दाखवलं म्हणून सगळ्यांनी खरं मानलं. वर मला गंमतही वाटली, अगदी थोडी; तीसुद्धा लपवत नाही. मी शब्दही उच्चारला नाही, असं स्वतःला सांगत मी सहा महिने काढले. दोरोयपण हेच सांगतो.

म्हणून ते कात्रण पुस्तकातून काढून टाक. मी दुसरं पत्र लिहिलं आहे, संपादकांना. त्यात दाढ आहे, मंगळवार आहे, टपरी आहे, माझे ओठ आहेत, खाली माझी पूर्ण सही आहे. दोरोय छापायला तयार झाला. भावजयीबद्दल त्याला ठाऊक आहे ते त्याने स्वतःच्या सहीने लिहावं, असं मी त्याला बजावलंय. लिहील की नाही देव जाणे. पण माझ्या पत्रात एक अडचण आहे. तुझं नाव घातलं नाही तर ते आणखी एक कोडं होईल आणि गाव पुन्हा ओळखायला बसेल. घातलं, तर चोरीच्या तांदळाशेजारी तुझं नाव पहिल्यांदा छापलं जाईल, कायमचं, मारिवीकच्या बाळाला वाचता येईल असं. ते तुला हवं की नको, हे मी ठरवू शकत नाही. पत्रात तुझ्या नावाची जागा मी कोरी सोडली आहे. हो किंवा नाही, एवढं कळव. शिव्या घालायच्या असतील तर तांबड्या शाईने घाल, मी एकही चूक काढणार नाही. त्या दिवशी तुझं नाव मी तुला न विचारता देऊन टाकलं होतं. या वेळी विचारते आहे.

अजून म्हणवून घ्यायला परवानगी असेल तर, तुझीच,

पुरिंग