गटार नेमकं कुणाच्या हद्दीत

३ सप्टेंबर
गेला! गेटसमोरच्या गटारावरचा स्लॅब मधोमध तुटून खाली गेला. चिरंजीव अनिकेत उडी मारून ऑफिसला गेला. सूनबाई ओढणी खोचून गेली. मीही टुणकन पलीकडे जाऊन परत आलो – उगाच, जमतं का बघायला. प्रश्न सुलभाचा. हिचा गुडघा नवा. डॉक्टर म्हणालेत, रोज बाहेर चालवा, नाहीतर आखडेल तो कायमचा. आणि रस्ता गटाराच्या पलीकडे!

"काळजी करू नकोस," म्हटलं. अख्खी नोकरी पंचायत समितीत काढलीय. सरकारी काम कसं करून घ्यायचं, ते मला कुणी शिकवू नये.

४ सप्टेंबर
गंमतच! कोलकात्यातल्या डमडमच्या या कोपऱ्यात दोन नगरपालिकांची हद्द म्हणजे आमचंच गटार. अलीकडच्या कचेरीतल्या हालदारबाबूंनी नकाशा पसरला, चष्मा पुसला – "गटार पलीकडच्यांचं." पलीकडचे पाकडाशीबाबू म्हणाले, "छे छे, अलीकडच्यांचं." चहा मात्र दोघांनी पाजला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी चहाने फुगलो, गटार उपाशी!

८ सप्टेंबर
अर्ज दिले. नोकरीतल्या शिस्तीने. याला मूळ, त्याला प्रत माहितीसाठी. त्याला मूळ, याला प्रत माहितीसाठी. काढा म्हणावं चूक!

१२ सप्टेंबर
हालदारबाबू – "प्रत मिळाली. माहिती घेतली." पाकडाशीबाबू – "आम्हीपण घेतली." आणि मूळ अर्ज? ते दोघांनी एकमेकांकडे पाठवले, योग्य त्या कार्यवाहीसाठी. पद्धत अगदी बरोबर आहे, हेच तर दुःख!

सुलभा खिडकीत बसून म्हणते, "अहो, एक फळी टाका ना नुसती." फळी! परवानगीशिवाय! इतकी वर्षं माझ्यासोबत राहून हिला कार्यालयीन पद्धत कळली तर शपथ.

१७ सप्टेंबर
विश्वकर्मा पूजा. दोन्ही कचेऱ्यांत काम बंद. पहिल्यांदाच एकमत!

१९ सप्टेंबर
समन्वय बैठक! मी बोलावली, आमच्याच व्हरांड्यात. दोन्ही बाबू गटारावरून उड्या मारून आले. सुलभाने ओट्याला टेकून साबुदाणा वडे तळले. बाबूंना वडे इतके आवडले की फुटबॉल झाला, इलिश मासा झाला, कुणाची आई कसा रांधायची तेही झालं. शेवटी संयुक्त समन्वय समिती स्थापन झाली. अध्यक्ष – अस्मादिक! पहिला ठराव, पुढची बैठक इथेच घ्यावी. वड्यांसह.

स्लॅबचं विचारलं तर हालदारबाबू म्हणाले, "होये जाबे." म्हणजे होऊन जाईल. कधी, ते कोलकात्यात विचारायचं नसतं.

ते गेल्यावर सुलभा म्हणाली, "दुर्गापूजेचे मांडव यंदा बघायला मिळतील का हो मला?" आवाज वेगळाच होता. उठताना कण्हली. गुडघा पूर्वीइतका वाकत नाही, हे आज मला दिसलं. फार वाईट वाटलं. अध्यक्षपदाची मजाच गेली.

२३ सप्टेंबर
बाजारातून येतो तर दारात पूल! बांबूचा, कठड्यासकट, वर लाल कापड!! सुलभाने खिडकीतून समोरच्या क्लबच्या – म्हणजे इथलं पूजामंडळच – बापीदाला हाक मारली म्हणे. मोडकंतोडकं बंगाली, बाकी हातवारे. मांडवाचे बांबू तिथे पडलेच होते. त्याने दोन गड्यांना हाक मारली, चहा होईपर्यंत पूल तयार.

पण मंजुरी? वजन पेलण्याचा दाखला? मी समितीचा अध्यक्ष आणि माझ्याच दारात अनधिकृत बांधकाम! "दाखला येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही," असा हिला दम भरला. लगेच दोन्ही कचेऱ्यांत पत्रं देऊन आलो – पूल सुरक्षित आहे किंवा कसे, कळवावे.

 जेवताना मीठ मागितलं तर सुलभाने नुसता डबा सरकवला, बस्स.

२६ सप्टेंबर
दोन नोटिसा! मजकूर एकच – सदर गटार आमच्या हद्दीत असून त्यावरील पूल सात दिवसांत काढावा. आमच्या हद्दीत! दोघांच्याही! सहीशिक्क्यानिशी!! "सुलभा, जिंकलो गं!" ओरडत आत धावलो. खुर्ची रिकामी. गेट सताड उघडं.

बाई पलीकडे! मांडवासमोर, काठी टेकत, चक्क चालत होती. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. तसाच पुलावरून पळत गेलो आणि नोटिसा तिच्यापुढे धरल्या.

तिने बोटांवर मोजलं. "सात दिवस? म्हणजे दसऱ्यापर्यंत आहे की पूल! चला, आधी पुढचा मांडव बघू."