कालवेदांड्याची वेल आणि एकेचाळीस शंख

प्रति,
मा. उप-अभियंता साहेब,
किनारा सुशोभन उपविभाग (तात्पुरता),
मुक्काम पालघर, जिल्हा ठाणे.

अर्जदार: सोजराबाई देवू पागधरे, वय वर्षे ३४, धंदा मासळी सुकविणे व विकणे, राहणार मौजे कालवेदांडा, तारापूरच्या खाली, तालुका पालघर.

विषय: उपटलेली मर्यादवेल परत लावू देणेबाबत, व नेलेले शंख परत करणेबाबत.

संदर्भ: आपली नोटीस क्र. किसु/वाळू/११७, दिनांक ९ मे १९६६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून लिहिण्यात येते ते येणेप्रमाणे:

१. आपल्या कार्यालयाकडून मला आजवर तीन पत्रे आली. मी मराठी चौथी पास आहे. ती तीन पत्रे पुन्हा पुन्हा वाचून सरकारी भाषा बरीच अंगवळणी पडली, त्यामुळे हा अर्ज कोणाकडून लिहून घेतलेला नाही. यात काही उद्धट आढळल्यास ते माझे स्वतःचे समजावे.

२. आपल्या नव्या विश्रामगृहासमोर, भरतीच्या रेघेच्या वर, वाळूचा जो उंचवटा आहे तिथे आमच्या गावची दात न आलेली पोरे ठेवलेली आहेत. एवढे लहान पोर आम्ही जाळत नाही, वाळूत ठेवतो आणि उशाला एक पांढरा शंख रोवतो. माझी सुलू अडीच महिन्यांची होऊन गेली. तिला सन १९५९ मध्ये तिथे ठेवली आहे. आपल्या नकाशात या जागेला ‘पडीक’ असे लिहिले आहे हे मी आपल्या कारकुनाच्या टेबलावर पाहिले.

३. वाळू उडू नये, कुत्र्यांनी उकरू नये, उधाणाने ओढून नेऊ नये, म्हणून माझ्या सासूबाई नवसीबाई यांनी त्या उंचवट्यावर मर्यादवेल लावली व पुढे मी ती राखली. ‘सदर वेल ही किनाऱ्यावर आपोआप उगवणारे रान आहे’ असे आपण लिहिता. उगवते, पण पाहिजे तिथे उगवत नाही. रोहिणी लागल्या की जुन्या वेलीची चार पेरांची कांडी कापावी लागते. दोन पेरे वाळूत आडवी पुरायची, शेंडा गावाकडे ठेवायचा, वर कालवांच्या शिंपांचे वजन द्यायचे आणि मुळे धरेपर्यंत विहिरीचे गोडे पाणी ओंजळीने घालायचे. हंड्याने ओतले तर वाळू वाहून कांडी उघडी पडते. समुद्राकडे निघालेला फुटवा हाताने वळवून आणायचा, ओढायचा नाही, कारण एक ओढला तर मागची सगळी मुळे सुटतात. आपट्यासारखे पान आणि जांभळे फूल एवढे पाहून आपण तिला रान म्हणालात. तेरा वर्षे माझे हात त्या रानात राबले आहेत.

४. मागील नोव्हेंबरात आपले पहिले पत्र आले की, माझी वेल हद्दीचा दगड ओलांडून अकरा फूट सरकारी जागेत आली आहे, तरी हे अतिक्रमण आठ दिवसांत मागे घ्यावे. मी पालघरला येऊन दोन तास बाकावर बसले आणि आपल्याला सांगितले की वेलीला दगड वाचता येत नाही. आपण हसलात. त्या हसण्याला मी होकार समजले, ही माझी चूक कबूल आहे.

५. दिनांक १२ जानेवारी रोजी आपला मुकादम चिंतू वीस माणसे घेऊन आला. मोठे साहेब पाहणीला येणार, त्याआधी समोरचा भाग स्वच्छ करायचा, असे त्याने सांगितले. त्याच्या माणसांत डोंगराकडची लाडकी नावाची बाई होती. पहिला शंख तिच्या हाती लागला तशी ती उभी राहिली आणि मला म्हणाली, “बाय, हितं पोरां हायेत ना गो?” मी हो म्हटले. तिने टोपली खाली ठेवली आणि बाजूला जाऊन बसली. मुकादम म्हणाला, “मला इचारू नको, सायबाची ऑर्डर हाय. शंख बी उचला, सायबाला लागतात.” लाडकीचा त्या दिवसाचा रोज कापला गेला. सात गाड्या वेल उपटून खाडीत टाकली. आपल्या सबंध उपविभागात शहाणे माणूस एकच निघाले आणि तिला आपण पुढे कामावरूनच काढले.

६. त्या जागी आपण मुंबईहून ट्रकने हिरवळ आणवून लावली. तिच्यासाठी आमच्या एकुलत्या गोड्या विहिरीवर पंप बसवला आणि गावाला पाणी भरायची वेळ ठरवून दिली. मोठे साहेब आले, चहा पिऊन गेले. हिरवळीकडे त्यांनी पाहिल्याचे गावात कोणाला आठवत नाही.

७. मार्चपासून दुपारचा वारा सुरू झाला. वाळू धरायला काही उरले नव्हते. ती आमच्या चुलीत आली, पाण्यात आली, वाळत घातलेल्या बोंबलांवर बसली, आणि अखेर आपल्या हिरवळीवर जाऊन बसली. त्यावर आपली संदर्भीय नोटीस: ‘आपल्या कबजातील वाळू शासकीय हिरवळीवर आली असून ती पंधरा दिवसांत स्वखर्चाने हटवावी.’ साहेब, वेल हद्दीत आली तेव्हा जागा सरकारची होती. वाळू उडाली तेव्हा ती माझी झाली. वाळू माझी असेल तर तिच्यावरची वेल उपटायला आपण कोण होता? आणि वाळू सरकारची असेल तर टोपली घेऊन आपण यावे, मी जागा दाखवते. दोन्ही बाजूंनी आपलेच खरे असे कसे चालेल?

८. शंखांबाबत. ते एकेचाळीस शंख आपण धुऊन, चुना फासून, विश्रामगृहाच्या पायवाटेच्या दोन्ही कडांना शोभेसाठी रोवले आहेत. मी फेब्रुवारीत ते परत मागितले. उत्तर आले की, सदर वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली असून निर्लेखन (नोंद कमी) झाल्याशिवाय त्या देता येत नाहीत. पायरीपासून डाव्या हाताचा सातवा शंख, कड फुटलेला, सुलूचा आहे. ती कड मी तिला ठेवताना माझ्याच हातून फुटली. दिनांक ४ मार्च रोजी आपण पायरीवर उभे राहून त्यात सिगारेटची राख झटकलीत. मी कुंपणाबाहेर मासळीची पाटी घेऊन उभी होते. आपल्याला ठाऊक नव्हते हे मला समजते, पण मला त्याने काही बरे वाटत नाही. तो दिवस मी आपल्याला माफ करणार नाही.

९. उंचवटा कमरेइतका होता तो आता गुडघ्याइतका राहिला आहे. वटपौर्णिमेचे उधाण अकरा दिवसांवर आले. कांडीला नीट मूळ धरायला पंधरा दिवस लागतात, म्हणजे आपण आधीच चार दिवस खाल्ले आहेत. उधाणाने तो भाग तोडला तर काय उघडे पडेल ते मी या कागदावर लिहीत नाही. आपल्यालाही लेकरे असतील.

१०. सबब, नोटीस रद्द व्हावी, विहिरीवरचा पंप निघावा, आणि वेल लावण्यास परवानगी मिळावी. परवानगीचा कागद टपालाने पोहोचेपर्यंत मी थांबणार नाही. कांड्या कापून ओल्या गोणपाटात ठेवल्या आहेत, उद्या सकाळी ओहोटीला आम्ही बाया लावायला घेणार. या खेपेस ती अकरा फुटांवर थांबेल अशी हमी देता येत नाही. पकडायचे तर खुशाल पकडावे, फक्त वेलीवर पाय देऊन येऊ नये.

११. शंख परत आले तरी कोणता कोणाच्या उशाचा हे आता सुलूचा सोडून एकाचेही सांगता येणार नाही. तरीही सगळे परत पाहिजेत. चुना आम्ही धुऊन काढू.

नम्र म्हणवून घेण्याची या वेळी इच्छा नाही. तरी कायद्याने अर्जदार,

सोजराबाई देवू पागधरे (सही स्वतःची)
कालवेदांडा, दिनांक २३ मे १९६६

सोबत:
(१) आपल्या तिन्ही पत्रांच्या नकला, माझ्या हाताने केलेल्या.
(२) मर्यादवेलीची चार पेरांची कांडी, एक. रान कसे दिसते ते कार्यालयास कळावे म्हणून.
(३) गावच्या बायांचे अंगठे, एकोणतीस. शंख एकेचाळीस आहेत; आकडे जुळत नाहीत असा शेरा मारून अर्ज परत पाठवू नये. काहींची तिथे दोन आहेत. नवसीबाईंची चार.