पेरेहिनेत्स म्हणा, मग येते

यॉर्कटन, ९ नोव्हेंबर १९५३

चि. ओरिस्या हिस परास्काआत्याचे अ. उ. आ.

टोरांटोचं इंग्रजी वर्तमानपत्र आपल्या पाद्रीबाबांनी मला वाचून दाखवलं. फोटो तुझा, गिरकी तुझी, नाक तर सरळ आपल्या घराण्याचं, आणि खाली नाव छापलंय आयरिस पेरी! कोण गं ही बाई? आमची पोरगी तिने कुठे ठेवली?

बाकी सगळे ठीक. थंडी पडल्याबरोबर तुझ्या बाबाने गावच्या हॉलच्या मागे पाणी ओतून बर्फ धरायला घेतलाय. म्हणतो, गावची पोरं घसरतील. तू इथे नाहीस हे त्याला कुणी सांगावं? तू नीट जेवतेस ना? त्या स्केटिंग क्लबातल्या बायका म्हणे पाल्यावर जगतात. तुझी आई गेली त्या हिवाळ्यात तू तळ्यावर आपटून रडत यायचीस, तेव्हा मी बटाटा भरलेल्या गरम पिरोही खाऊ घालून तुला परत धाडायची. स्केटिंग तिथून सुरू झालं, विसरू नकोस.

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझी आत्या

टोरांटो, २२ नोव्हेंबर १९५३

ती. परास्काआत्यास ओरिस्याचा सा. न. वि. वि.

मला न विचारताच छापलं गं. क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, की आपलं आडनाव घेताना परीक्षकांची इंग्रजी जीभ अडखळते, आणि अडखळलेली जीभ गुण कमी देते. मी म्हटलं, मग जिभेला शिकवा. ते हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. आता स्पष्टच सांगितलंय, की जानेवारीतल्या राष्ट्रीय स्पर्धेत आयरिस पेरी म्हणून उतर, नाहीतर क्लबाचा बर्फ तुला बंद. माझ्या शिक्षिका मिसेस ऑलडस समजावतात, की आधी जिंक, मग हवं ते नाव लाव. बाबांनीही लिहिलंय, की चार अक्षरांपायी एवढी मेहनत घालवू नकोस, मी रागावणार नाही.

ते रागावले असते तर सोपं झालं असतं.

सेक्रेटरींना मी नाही सांगून आले.  

पाद्रीबाबांना नमस्कार, तुझ्या कोंबड्यांना आशीर्वाद. माया असू दे.

तुझी ओरिस्या

यॉर्कटन, ५ डिसेंबर १९५३

चि. ओरिस्यास अ. आ.

तुझ्या बाबाशी माझं जेवताना कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, पोरीचं नशीब आडनावाच्या खुंटीला बांधू नकोस. मी विचारलं, आपल्या प्रांताचं सॅस्कॅचेवान हे नाव घेताना या लोकांची जीभ कशी बरी वळते? बीटाचं सार निवून गेलं, जिंकलं कुणीच नाही.

पण पोरी, आपटणार तू आहेस, मी नाही. माझ्या ताठ्यापायी काही करू नकोस. तुझा स्वतःचा ताठा असेल, तर मात्र त्याला वाकू देऊ नकोस. क्लबाने बर्फ बंद केला तर करू दे. या देशात हिवाळ्यात बर्फ कुणाच्या बापाचा नसतो!

कानटोपी घालत जा. माझा जीव तिकडेच आहे, तो सांभाळून ठेव.

आत्या

टोरांटो, १८ जानेवारी १९५४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

क्लब सुटला. बागेतल्या गोठलेल्या तळ्यावर सराव केला. मिसेस ऑलडस डोक्यावर शाल घेऊन यायच्या, माझ्या हट्टाला शिव्या द्यायच्या आणि उडी सुधारून जायच्या. स्पर्धेत नाव मी आपल्या प्रांताकडून दिलं, खरं नाव. तरी काल भर सभागृहात निवेदकाने पुकारलं ते आयरिस पेरीलाच.

मी कठड्याच्या दाराशी उभी राहिले. त्याने पुन्हा पुकारलं. पंच धावत आले, म्हणाले, की वेळेत उतरली नाहीस तर बाद होशील. मी सांगितलं, की त्या बाईला मी ओळखत नाही; मला बोलवा, लगेच येते. लोक कुजबुजायला लागले, कुणी शीळही घातली. पंच निवेदकाकडे गेले. पेरे झालं, पेरेहि झालं, शेवटी कसंबसं सगळं झालं, आणि मी उतरले.

थांबून पाय गारठले होते. दुसऱ्या उडीला पडले, उठले, उरलेलं सगळं केलं. तिसरी आले. जागतिक स्पर्धेला पहिल्या दोघीच जातात. मिसेस ऑलडस रडल्या, मी नाही.

बाबांना हे तूच वाचून दाखव. लोभ कमी करू नये.

ओरिस्या

यॉर्कटन, १ फेब्रुवारी १९५४

चि. ओरिस्यास अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. तुझा बाबा उठून बाहेर गेला. मला वाटलं बिनसलं. बघते तर हॉलमागचं कुंपण उपटत होता. बर्फ मोठा करायचाय म्हणाला, कारण पुढची तयारी तू इथेच करणार. आणि पुढच्या स्पर्धेला तो स्वतः येणार. मी म्हटलं, तिथे गप्प बसावं लागतं. म्हणाला, बघू.

ये. वाट बघण्यात म्हातारी होत नाही, पण चिडकी होते.

आत्या

विनिपेग, २३ जानेवारी १९५५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

जिंकले! पहिली! जागतिक स्पर्धेला जाते आहे.

सेक्रेटरी फुलं घेऊन आले होते. म्हणाले, की क्लबाला पहिल्यापासून खात्री होती, परत ये. मी फुलं मिसेस ऑलडसना दिली आणि सांगितलं, की माझा क्लब यॉर्कटनला हॉलच्या मागे आहे.

आणि ऐक. पदकाच्या वेळी निवेदकाने नाव अगदी अचूक घेतलं म्हणे, एकेक अक्षर जागच्या जागी. आजूबाजूचे सगळे सांगतात. मला मात्र ते ऐकूच आलं नाही, कारण बाबा खुर्चीवर उभे राहून आपल्या भाषेत बोंबलत होते, की ओरिस्या, आधी कोट घाल, गारठशील.

तुझी,
ओरिस्या पेरेहिनेत्स